३६४ दिवसांच्या ऑर्डरवर गावाचा अभ्यास होत नाही : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
प्रत : मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागांत संशोधन करणाऱ्या अध्यापकांची कायम पदे निर्माण करून भरण्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर थेट मुलाखतीची जाहिरात लागली. विभाग जनऔषधवैद्यकशास्त्र, पद सहायक प्राध्यापक, कालावधी ३६४ दिवस किंवा लोकसेवा आयोगाकडून नियमित उमेदवार मिळेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते. ज्या पदाची ही जाहिरात, त्याच पदावर मी सध्या काम करते. म्हणजे मुलाखतीला मीच जाणार, समितीपुढे तेच एमडीचे प्रमाणपत्र आणि तीच नोंदणी ठेवणार, आणि बहुधा पुन्हा मलाच ऑर्डर मिळणार. पोटापाण्याची काळजी म्हणून हे पत्र लिहीत नाही. आमच्या विषयात एमडी झालेल्याला खासगी महाविद्यालयात नोकरी मिळते, पगारही वेळेवर होतो. मला बोलायचे आहे ते या नेमणूक पद्धतीत होऊच न शकणाऱ्या कामाबद्दल.

महाविद्यालयाचे नाव देत नाही. मराठवाड्यातले एक, एवढे पुरे. अधिष्ठाता किंवा विभागप्रमुख यांच्या हातात यातले फारसे काही नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यात चौकशी केलीत तर हेच ऐकायला मिळेल.

आमच्या विभागाला सगळे पीएसएम (प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. वॉर्ड नाही, ओपीडी नावापुरती, ऑपरेशन थिएटर नाही. बाकीचे विभाग दारात आलेला रुग्ण पाहतात. आम्ही न आलेला पाहायचा : गावात किती जणांना मधुमेह आहे, त्यातल्या किती जणांना तो माहीत आहे, कोणत्या वाडीत बाळे कमी वजनाची जन्मतात आणि का. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेची आखणी सुचवणाऱ्या भोर समितीने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असा विभाग हवा म्हणून लिहून ठेवले. विभाग झाले. ज्या कामासाठी झाले ते काम करणारी माणसे तिथे टिकतील, याची तजवीज मात्र झाली नाही.

माझ्याच कामाचे सांगते. आमच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्राच्या हद्दीतल्या गावांत तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आम्ही नोंदवत होतो. यातले निम्मे गाव ऊसतोडीला जाते. दसरा-दिवाळी झाली की मुकादम टोळ्या घेऊन निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. जाण्याआधी एक माप आणि आल्या आल्या दुसरे, असे घेतले तरच कळणार की सहा महिने कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) राहून, पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला, अशा जगण्यात रक्तदाबाचे काय होते आणि चालू केलेल्या गोळ्या चालू राहतात की सुटतात. पहिले माप झाले. टोळ्या गेल्या. त्या परतायच्या सुमारास माझी ऑर्डर संपली. नवी ऑर्डर निघेपर्यंत मी सेवेत नव्हते, त्यामुळे केंद्राची गाडी माझ्या सहीने निघेना, आणि नैतिकता समितीच्या मंजुरीवर जिचे नाव मुख्य अन्वेषक म्हणून आहे ती बाईच कागदोपत्री संस्थेत नाही. ऑर्डर आली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. परतल्या-परतल्याचे माप हुकले ते हुकलेच.

नंतर गेले तेव्हा एका बाईने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. वर दोन आकडे, तारीख, खाली माझी सही. म्हणाली, “गोळ्या सरल्या तवा तिकडच्या दवाखान्यात ही चिठ्ठी दावली. त्यो म्हनला, तुमच्या गावालाच घ्या.” माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष कदाचित हाच निघाला असता. पण एका बाईच्या बोलण्याला निष्कर्ष म्हणत नाहीत. ते शेकडो घरांत, ठरलेल्या वेळी, एकाच पद्धतीने विचारावे लागते, आणि तसे विचारले असते तर आज मी आपल्याला पत्राऐवजी अहवाल पाठवला असता : गोळ्या देताना सहा महिन्यांच्या द्या, किंवा कारखान्याच्या तालुक्यातल्या केंद्रांना या लोकांची यादी द्या.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे प्रकरण विधिमंडळात गाजले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हे एका रात्रीत झालेले नव्हते. पाच-दहा गावांची जरी कायमची नोंद कोणी ठेवत असते, दरवर्षी त्याच घरांत तेच प्रश्न विचारत असते, तर तिशी-पस्तिशीतल्या बायकांची ही संख्या कुणाच्या तरी तक्त्यात वर्षांमागे दिसली असती. ती पत्रकारांना आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांना आधी दिसली. त्यांचे आभार मानू, पण हे काम आमचे होते.

महाराष्ट्राला असे काम जमत नाही म्हणावे तर तसेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून सुरू केली. दिसायला किडकिडीत पण अंगात चरबी जास्त असे आपले बाळ, आणि आईच्या पोषणाचा मुलाच्या पुढच्या मधुमेहाशी असलेला संबंध, हे सगळे जगाला तिथून कळले. ती मुले आता तिशीत आहेत आणि अभ्यास चालू आहे. त्याच संस्थेच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातल्या २२ गावांत २००२ पासून प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये दाखवले. देशभरातल्या आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

यातला एकही अभ्यास राज्य शासनाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेला नाही. तिन्ही ठिकाणी माणसे वर्षानुवर्षे त्याच गावांत राहिली किंवा जात राहिली, आणि दर ३६४ दिवसांनी त्यांना कुणी घरी पाठवले नाही. महाविद्यालयाला हे जमतच नाही, असेही कुणी म्हणू नये. दिल्लीच्या एम्सने हरियाणातल्या बल्लभगडला १९६५ पासून हे चालवले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा सामुदायिक आरोग्य विभाग कणियंबाडीच्या गावांत कित्येक दशके आहे. आणि मागेच जायचे तर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्याशा जागेत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा त्यांच्या हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते म्हणतात. आमच्या केंद्रावर आज तेवढेही नाहीत.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य, नेमणुकीची. लोकसेवा आयोगाची भरती इतक्या अंतराने होते की मधली वर्षे तात्पुरत्या ऑर्डरवरच जातात. तात्पुरत्या माणसाला शिकवता येते, परीक्षा घेता येतात, निरीक्षणाच्या दिवशी उभे राहता येते. संशोधनाला पैसे मात्र आणता येत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अनुदानासाठी मुख्य अन्वेषक नियमित सेवेत असावा लागतो. त्यांची अट चुकीची नाही. तीन वर्षांचे पैसे ३६४ दिवसांच्या माणसाच्या हवाली कोण करील? पण त्यामुळे होते असे, की अर्ज लिहायचा उत्साह ज्यांच्यात आहे त्यांना अर्ज करता येत नाही, आणि ज्यांना करता येतो ते विभागप्रमुखपद, परीक्षा आणि न्यायालयीन प्रकरणांच्या उत्तरांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात.

दुसरी, डोकी मोजण्याची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे निरीक्षण म्हणजे अध्यापकांची संख्या. एका महाविद्यालयात निरीक्षण आले की दुसऱ्यातले अध्यापक तिकडे प्रतिनियुक्तीवर जातात, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्यात पीएसएमचा नंबर पहिला, कारण आम्ही गेल्याने कुठली शस्त्रक्रिया रद्द होत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. आनंद आहे, मनापासून. पण विद्यार्थ्यांच्या जागा एका दिवसात वाढवता येतात, अध्यापक नाही, म्हणून ते जुन्या ठिकाणांहून उचलले जातात. अध्यापक उचलला की त्याची गावे तिथेच राहतात.

यालाच जोडून हजेरीचे. चेहरा दाखवून लावायची हजेरी आमच्याकडे महाविद्यालयाच्या आवारातच लागते. सकाळी सातला गावात पोहोचले तरच माणसे घरी सापडतात, शेतात गेली की संपले. म्हणजे गावात गेलेली अध्यापिका गैरहजर आणि आवारात चहा पीत बसलेली हजर. मग खुलासा लिहा, त्यावर विभागप्रमुखांची सही घ्या, आस्थापना शाखेत द्या. दोनदा असे झाले की माणूस आवारातच थांबायला शिकतो.

तिसरी तक्रार शोधनिबंधांची. पदोन्नतीसाठी त्यांची अट आहे, त्यामुळे निबंध निघतात, भरपूर निघतात. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे डेंग्यूविषयीचे ज्ञान, नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे हात धुण्याविषयीचे मत. वर्गात प्रश्नावली वाटायची, तासाभरात गोळा करायची, टक्केवारी काढायची, पैसे भरून छापायचे. मी माझ्या सहकाऱ्यांची टिंगल करत नाही. एका ऑर्डरच्या मुदतीत पुरा होणारा अभ्यास याच आकाराचा असतो.

चौथी : माणूसबळ. आमच्या विभागात संख्याशास्त्रज्ञ असावा हे निकषांत फार पूर्वीपासून आहे. जिथे तो आहे तिथे त्याच्याकडून बहुतेक वेळा रुग्णालयाचे मासिक तक्ते भरून घेतात. समाजसेवा अधीक्षक जनआरोग्य योजनेच्या टेबलावर. आणि आम्ही अध्यापक? योगदिन, क्षयरोग दिन, हिवताप दिन, स्तनपान सप्ताह, स्वच्छता पंधरवडा, वसतिगृह, रॅगिंगविरोधी समिती. नोडल अधिकारी नेमायचा झाला की ऑर्डर थेट आमच्या विभागात येते, हे आता कुणी ठरवावेही लागत नाही.

पाचवी दोन खात्यांमधल्या भिंतीची. महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, प्राथमिक आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे. शेजारच्या केंद्रातल्या प्रसूतींची नोंदवही बघायची तर पत्र, त्या पत्राला पत्र, आणि मग तोंडी, “मॅडम, वरून विचारून सांगतो.” केंद्राचा डॉक्टर आमचाच विद्यार्थी असला तर चहा पाजून वही दाखवतो. असे मिळालेले आकडे कुठल्या निबंधात घालायचे?

भिंतीची किंमत जानेवारी २०२५ मध्ये दिसली. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस गळून काही दिवसांत टक्कल पडू लागले. आयसीएमआरचे पथक आले, नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः नमुने तपासून घेऊन रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. विंचूदंशावर महाडमध्ये बसून संशोधन केलेला हा माणूस उतारवयात पुन्हा धावून गेला, हे त्यांचे मोठेपण. पण त्याच जिल्ह्यात शासनाचे नवे वैद्यकीय महाविद्यालय आधीच सुरू झालेले आहे. तिथल्या विभागाकडे त्या गावांतल्या लोकांच्या आजारापूर्वीच्या नोंदी असत्या, रक्ताचे साठवलेले काही नमुने असते, तर तुलना करायला काहीतरी हाताशी राहिले असते. त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले. तिथे राष्ट्रीय विषाणू संस्था जवळ होती. प्रत्येक साथ पुण्यात येईल असे नाही.

यावर वित्त विभागाचे उत्तर मला पाठ आहे. खाटा कमी, परिचारिका कमी, औषधे कमी, आणि तुम्हाला संशोधक हवेत? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा हिशेब मागितला. त्या चर्चेत आमच्या विभागाचे नाव निघाले नाही, आणि त्या दिवशी निघायलाही नको होते. अत्यवस्थ बाळाजवळ आधी परिचारिकाच हवी. पण ते बाळ कमी वजनाचे का जन्मले, आई सातव्या महिन्यापर्यंत कुठे होती, हे विचारणारे कुणी नसेल तर खाटा वाढवतच राहाव्या लागतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची चारातले एक बालक उंचीच्या मानाने कमी वजनाचे होते. २०१९-२१ च्या फेरीतही चारातले एकच. मधल्या काळात किती योजना आल्या ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. कोणती कुठे लागू पडली आणि कुठे नाही, हे जिल्ह्यात राहून सांगणारा माणूस आपल्याकडे नाही.

शिवाय निम्मे काम आधीच फुकट होते आहे आणि वाया जाते आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसचा प्रत्येक विद्यार्थी काही कुटुंबे घेतो आणि पुढची वर्षे त्यांच्याकडे जात राहतो. प्रत्येकी तीन कुटुंबे धरली तरी शंभर विद्यार्थ्यांची तीनशे, आणि दरवर्षी नवी तुकडी. मुले घरात कोण आहे, काय खातात, पाणी कुठले, कुणाला काय आजार, सगळे लिहितात. वजने घेतात, रक्तदाब मोजतात. मग लॉगबुकवर सही होते, तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले जातात, आणि लॉगबुके कपाटात जातात. कपाट भरले की रद्दीत. पुढच्या तुकडीला दुसरे गाव. हीच कुटुंबे, हेच गाव पुढच्या तुकडीकडे सोपवले, घरांना कायमचे क्रमांक दिले आणि नोंदी एका ठिकाणी ठेवायला एक माणूस नेमला, तर पाच वर्षांत प्रत्येक महाविद्यालयाकडे हजार घरांचा सलग इतिहास जमेल. वढूला जे केले त्याची ही लहान आवृत्ती. हिंगोली, वाशिम, गडचिरोलीच्या नव्या महाविद्यालयांनी तर पहिल्या दिवसापासून हे करावे. याला इमारत पुरी व्हायची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून मागण्या :

१. प्रत्येक शासकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाच्या आकृतिबंधात संशोधन अध्यापकाची किमान दोन कायम पदे निर्माण करा. त्यांचे सेवाप्रवेश नियम वेगळे असू द्या. शिकवण्याचे तास कमी, पण लोकवस्तीतल्या कामाचा वार्षिक हिशेब सक्तीचा. काम न करणाऱ्याला ही जागा आरामाची वाटू नये.

२. लोकसेवा आयोगाची भरती होईपर्यंत या पदांवरच्या नेमणुका पाच वर्षांच्या सलग कराराने करा. ३६४ दिवसांनी खंड नको.

३. या पदांवरच्या व्यक्तीची सात वर्षे बदली नको आणि निरीक्षणापुरती प्रतिनियुक्ती तर कधीच नको.

४. दोनपैकी एक पद साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, लोकसंख्याशास्त्र किंवा आरोग्याच्या सामाजिक शास्त्रात पीएचडी केलेल्यांसाठी खुले ठेवा. देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथून शिकून निघालेली आपल्याच राज्यातली मुले दिल्लीच्या संस्थांत आणि परदेशी प्रकल्पांत जातात, कारण शासकीय महाविद्यालयात त्यांच्यासाठी दारच नाही. माझ्या एमडी झालेल्या काही सहकाऱ्यांना ही मागणी आवडणार नाही. वाद घालायला मी तयार आहे.

५. ग्रामीण आणि नागरी आरोग्य प्रशिक्षण केंद्रांवर हजेरीची सोय करा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला यासाठी आपण पत्र लिहावे.

६. वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विभागांचा संयुक्त शासन निर्णय काढा, ज्यात महाविद्यालयाच्या क्षेत्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी, नावे वगळून, विभागाला मिळण्याची मुदत आणि जबाबदार अधिकारी लिहिलेला असेल.

७. कुटुंब दत्तक कार्यक्रमाच्या नोंदी जपण्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाला एक माहिती व्यवस्थापक आणि दोन क्षेत्र कर्मचारी द्या, बाह्यस्रोतातून नव्हे.

सगळे एका वर्षात होणार नाही, हे कळते. बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची यादी), वित्त विभाग, उच्चस्तरीय समिती, ही नस्ती किती टेबलांवरून फिरते ते मी पाहिले आहे. पाचव्या आणि सहाव्या मागणीला मात्र जवळपास पैसा लागत नाही, त्या या सत्रातच होऊ शकतात. आणि एक गोष्ट तर लगेच करता येईल : राज्यातल्या प्रत्येक शासकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात मंजूर पदे किती, त्यांतली नियमित भरलेली किती, ३६४ दिवसांच्या ऑर्डरवरची किती आणि दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर असलेली किती, याचा महाविद्यालयवार तक्ता येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपली,
एक सहायक प्राध्यापक (तात्पुरती)
जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग